‘आयत्या वेळचे विषय’ : गृहनिर्माण संस्थांच्या सचिवांना खुले पत्र

मा. सचिव,
स.न.वि.वि.

ऑगस्ट सरत आला की तुमची कामाची पद्धत ठरलेली असते. गेल्या वर्षीची वार्षिक सभेची सूचना उघडायची, तारीख बदलायची, ताळेबंदाचे वर्ष बदलायचे, झेरॉक्सला द्यायची आणि वॉचमनकरवी घरोघर वाटून सह्या घ्यायच्या. त्या कागदावरची शेवटची ओळ मात्र वर्षानुवर्षे तशीच राहते: ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. ती कोणी बदलत नाही आणि खरे सांगायचे तर कोणी वाचतही नाही. हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे. संस्थांमधली बरीच भांडणे त्या ओळीतूनच आत शिरतात, आणि ती टाळण्याची किल्लीही त्याच ओळीतल्या एका शब्दात आहे.

तो शब्द म्हणजे ‘आयता’.

संस्कृतात ‘आयत्त’ असा शब्द आहे. आ हा उपसर्ग आणि यत् हा धातू. अर्थ : अधीन, ताब्यातला, कशावर तरी अवलंबून असलेला. ‘वेणीसंहार’ नाटकातले कर्णाचे वाक्य शाळेतल्या सुभाषितांत बहुतेकांनी वाचलेले असते : ‘दैवायत्तं कुले जन्म मदायत्तं तु पौरुषम्’. कुठल्या कुळात जन्मायचे ते दैवाच्या हाती, पराक्रम माझ्या हाती. तोच आयत्त आपण ‘स्वायत्त’मध्ये रोज वापरतो. सप्तचे सत्त आणि सत्तचे सात झाले, तसा इथेही जोडाक्षरातला एक त गळाला, शेवटी मराठी विशेषणाचा आ लागला आणि ‘आयता’ तयार झाला. अर्थही सरकला. जे ताब्यात आहे ते हाताशी आहे, आणि जे हाताशी आहे ते तयारच आहे. म्हणून आयता म्हणजे तयार, विनासायास मिळालेला.

दिसायला जवळचे आणखी दोन शब्द आहेत, त्यांच्याशी याची गल्लत होते. भूमितीतला ‘आयत’ हा आ + यम् पासूनचा, ताणलेला, लांबट. ‘आयात’ हा आ + या पासूनचा, आलेला. सूचनेवर ‘आयात वेळचे विषय’ असे छापलेलेही पाहायला मिळते, त्यावर हसू नका. ज्याने टाइप केले त्याला विषय बाहेरून आलेले वाटले असतील, आणि पुष्कळदा ते तसे असतातही.

मराठीने या शब्दाला जी सोबत दिली ती पाहण्यासारखी आहे. आयत्या बिळात नागोबा. आयत्या पिठावर रेघोट्या. आयतं कोलीत. आयतोबा. यांतल्या प्रत्येकात काम कोणीतरी आधीच केलेले आहे आणि लाभ दुसरा घेतो आहे. बीळ उंदराने खणले, पीठ दुसऱ्याने दळले. म्हणजे मराठी माणूस ‘आयते’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर तयारी करणारा माणूस असतोच, तो फक्त पडद्याआड असतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग ‘तयार’ या अर्थाचा शब्द ‘अगदी शेवटच्या क्षणी’ या अर्थाला कसा पोचला? ‘आयती वेळ’ म्हणजे तयार होऊन समोर उभी राहिलेली वेळ. सभा सुरू आहे, माणसे बसलेली आहेत, अध्यक्ष खुर्चीवर आहेत, अशा तयार वेळेवर जे येते ते ‘आयत्या वेळी’ आले. आधी ठरवले नव्हते, जुळवाजुळव नव्हती, वेळ हाताशी होती म्हणून आले. मूळ अर्थात लबाडी नाही. अकल्पितपणा आहे.

याचा जोडीदार ‘ऐनवेळी’. घराणे पूर्ण वेगळे. अरबीत ऐन म्हणजे डोळा, झरा, आणि त्यावरून वस्तूचे सार, ती वस्तू स्वतः. फारसीमार्गे तो मराठीत आला आणि दप्तरात रुळला. ‘ऐन जमा’ म्हणजे मूळ जमा, ‘ऐन जिनसी’ म्हणजे पैशाऐवजी खुद्द धान्याच्या किंवा मालाच्या रूपात. आज आपण ऐन दुपारी, ऐन दिवाळीत, ऐन उमेदीत म्हणतो तेव्हा ‘नेमक्या, भर’ हाच अर्थ असतो. (चष्म्याचा हिंदी ऐनक याच डोळ्यावरून आला. आरशाचा ऐना मात्र फारसीतला वेगळा शब्द, आणि कोकणातल्या जंगलातले ऐनाचे झाड तर याच्या नात्यातलेच नाही.) ऐनवेळी म्हणजे नेमक्या मोक्याच्या क्षणी. ‘नवरदेवाचा घोडा ऐनवेळी अडला’ म्हणतात, तिथे ‘आयत्या वेळी’ बसत नाही. ‘आयत्या वेळी पाहुणे आले, म्हणून पिठलं टाकलं’ यात दोन्ही चालतात, पण रंग वेगळा दिसतो. ‘ऐनवेळी’त खोळंबा आहे, ‘आयत्या वेळी’त तयारी नसणे.

विदर्भातल्या सूचनांवर याच जागी ‘वेळेवर येणारे विषय’ असे असते. पुण्याच्या माणसाला ते वाचून विषय शिस्तीने, ठरल्या वेळी येणार असे वाटते. तिकडे ‘वेळेवर’चा अर्थ बरोबर उलटा, अगदी त्या वेळी. नागपूरहून पुण्यात येऊन सचिव झालेल्यांनी हा शब्द सूचनेत वापरताना जरा जपावे.

आता मुद्द्याकडे. इंग्रजी सभाशास्त्रात या जागी ‘एनी अदर बिझनेस’ असते. त्यात वेळेचा शब्दच नाही. ‘इतर कामकाज’, म्हणजे यादीत न बसलेले काहीही. मराठीत आपण ‘इतर’ न लिहिता ‘आयत्या वेळी’ लिहिले, आणि नकळत एक अट घातली. विषय यादीबाहेरचा असून भागत नाही, तो यादी निघाली तेव्हा तयार नसला पाहिजे. मराठी ओळ इंग्रजीहून कडक आहे. आम्हाला ती तशीच हवी आहे. आमचे म्हणणे एवढेच की ती जशी लिहिली आहे तशी पाळा.

उदाहरण समोर ठेवून पाहू. ४८ सदनिकांची इमारत. सभा २० सप्टेंबरला सकाळी १० वाजता, पार्किंगमध्ये. सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २० यांतली कमी संख्या ही गणसंख्या (सभेला लागणारी किमान हजेरी), म्हणजे इथे २० माणसे पुरेत. १० वाजता १३ जण आहेत. अर्धा तास थांबून, सूचनेत लिहिल्याप्रमाणे सभा तहकूब होऊन १०.३० ला पुन्हा भरते. आता गणसंख्येची अट उरत नाही. हिशेब, लेखापरीक्षकाची नेमणूक, पाण्याच्या टँकरवरून होणारे नेहमीचे रण. पाऊण वाजतो. वडे येतात. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतात. तेव्हा अध्यक्ष म्हणतात, ‘एक आयत्या वेळचा विषय आहे, दोन मिनिटांचा. लिफ्ट बदलायची आहे.’ खजिनदार पिशवीतून तीन कोटेशने काढतात. सर्वांत कमी दराचे वाचले जाते. ‘मंजूर?’ ‘मंजूर, मंजूर.’ इतिवृत्तात एक ओळ पडते : ‘लिफ्ट बदलण्याचे सर्वानुमते ठरले.’

त्या कोटेशनवरची तारीख पाहा. ३ ऑगस्ट. सभेची सूचना निघाली ५ सप्टेंबरला. म्हणजे सूचना निघाली त्या दिवशी हा विषय महिनाभर जुना होता, तीन पाकिटांत बंद होता, फक्त सभासदांना माहीत नव्हता. हा आयत्या वेळचा विषय नव्हे. हा आयता विषय : आधी कोणीतरी दळून ठेवलेले पीठ, सभासदांनी फक्त रेघोट्या ओढायच्या. अध्यक्षांच्या मनात खोट असेलच असे नाही. बहुतेक वेळा यादी करताना विसर पडलेला असतो, किंवा ‘यादीत टाकले तर भांडण होईल’ ही भीती असते. पण आठ महिन्यांनी प्रत्येक सदनिकेला लिफ्टच्या वर्गणीचे बिल जाते, तेव्हा त्या दिवशी घरी असलेला सभासद विचारतो, मला कधी सांगितले होते? त्याला दाखवायला तुमच्याकडे ती शेवटची ओळच असते, आणि ती त्याच्या बाजूची निघते.

कायद्याची चौकट थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७५ प्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते. आदर्श उपविधींप्रमाणे (संस्थेच्या कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे) तिची सूचना पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते, विशेष सर्वसाधारण सभेची पूर्ण ५ दिवस आधी. वार्षिक सभेच्या कामांच्या यादीत शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने इतर विषय घेण्याची मुभा आहे, पण त्याला जोडूनच अपवाद आहे : कायदा, नियम आणि उपविधींनुसार ज्यांना रीतसर पूर्वसूचना लागते ते विषय सोडून. सूचनेवर पहिला भाग छापला जातो आणि अपवाद गळतो. विशेष सभेत तर सूचनेत दिलेल्या विषयांव्यतिरिक्त काहीच घेता येत नाही, तरी जुन्या सूचनेची नक्कल करताना तिच्या तळाशीही ही ओळ येऊन बसते. ती तिथून काढून टाका. (तुमच्या संस्थेने कोणते उपविधी स्वीकारले आहेत ते कपाटातल्या नोंदवलेल्या प्रतीत पाहा, इंटरनेटवरच्या पीडीएफमध्ये नको.)

‘पूर्ण दिवस’ मोजताना दरवर्षी चूक होते. सूचना दिली तो दिवस धरायचा नाही, सभेचा दिवसही धरायचा नाही. सभा २७ सप्टेंबरला असेल तर मधले पूर्ण १४ दिवस १३ ते २६. म्हणून सूचना उशिरात उशिरा १२ तारखेला हातात पडली पाहिजे. १३ तारखेला रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून ‘१४ दिवस झाले’ म्हणणारे सचिव एकाच वेळी दोन चुका करतात. आमची सूचना अशी की शेवटच्या तारखेवर जाऊच नका, तीन-चार दिवसांची सवड ठेवा. गणपतीत अर्धी इमारत गावी असते.

आता खऱ्या आयत्या वेळच्या विषयाचे उदाहरण. सूचना ५ सप्टेंबरला गेली. १५ तारखेला गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या स्लॅबचा तुकडा पडला. सभा २० ला. हा विषय १४ दिवस आधी कोणालाच माहीत असणे शक्य नव्हते. तो अध्यक्षांनी घेतलाच पाहिजे. पण घेणे म्हणजे लगेच चार लाखांचे काम मंजूर करणे नव्हे. टाकीखाली टेकू लावणे, त्या भागात जायला बंदी करणे, संरचना अभियंत्याला बोलावणे, हे समितीने १५ तारखेलाच करायचे. २० च्या सभेत माहिती द्यायची, चर्चा घ्यायची आणि विशेष सभेची तारीख जाहीर करायची. २१ ला सूचना दिली तर २२ ते २६ हे पूर्ण ५ दिवस, सभा २७ ला. मधल्या दिवसांत अभियंत्याचा अहवाल येतो, कोटेशने येतात, गावी गेलेले परततात. म्हणजे आयत्या वेळी ठराव ठोकून तुम्ही जे वाचवता ते फक्त सात दिवस. चार लाखांच्या कामात सात दिवस काहीच नाहीत.

इथे तिसरा शब्द कामाला येतो : तातडीचा. आयत्या वेळचा म्हणजे आत्ताच उद्भवलेला. तातडीचा म्हणजे थांबू न शकणारा. एखादा विषय आयत्या वेळचा असून तातडीचा नसतो (गच्चीवर योगवर्ग सुरू करावा, अशी एका सभासदाची सभेतली सूचना), आणि एखादा तातडीचा असून आयत्या वेळचा मुळीच नसतो (अग्निशमन यंत्रणेची देखभाल, जी सहा महिने रखडली आहे). दुसऱ्या प्रकाराला ‘आयत्या वेळचा’ म्हणणे म्हणजे रखडपट्टीवर शब्दाचे पांघरूण घालणे. पहिला प्रकार नोंदवून पुढच्या सभेला न्यावा, एवढे पुरे.

काही विषय कितीही आयत्या वेळी उद्भवले तरी त्या ओळीखाली येऊच शकत नाहीत. उपविधी दुरुस्ती. सभासदाची हकालपट्टी, जिला कलम ३५ प्रमाणे त्याला बाजू मांडण्याची संधी आणि हजर सभासदांपैकी तीन चतुर्थांशांचा पाठिंबा लागतो. पदाधिकाऱ्यावरचा अविश्वास. पुनर्विकास, ज्यासाठी कलम ७९(अ) खाली ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय आहे आणि वेगळी विशेष सभा, संमतीचे प्रमाण, चित्रीकरण अशी सगळी वाट आखलेली आहे. ‘सगळे जमलेच आहेत, तर पुनर्विकासावर एक ठराव करून टाकू’ हे वाक्य सभेत आले की सचिवांनी उपविधींचे पुस्तक वर करावे. आणि नवी वर्गणी किंवा मोठा खर्च बसवणारा विषय, पुस्तकात बंदी शोधत बसण्याऐवजी, स्वतःहूनच त्या ओळीबाहेर ठेवावा. वर सांगितलेल्या तहकूब सभेत तर जास्तच जपावे. तहकूब सभा ही मूळ सभेचीच पुढची बैठक, तिला मूळ सूचनेतले उरलेले काम करायचे असते. गणसंख्या नाही आणि सूचनाही नाही, अशा ठरावाला आव्हान मिळाले तर टेकायला काही उरत नाही. वाद कलम ९१ खाली सहकार न्यायालयात गेला की तिथे वड्यांची आठवण कोणाला नसते, इतिवृत्त तेवढे वाचले जाते.

म्हणून इतिवृत्ताबद्दल. ‘आयत्या वेळच्या विषयात लिफ्टचे ठरले’ ही नोंद निरुपयोगी आहे. विषय कोणी मांडला, सूचना निघाल्यानंतर तो कधी आणि कसा उद्भवला, अध्यक्षांनी परवानगी दिली की नाकारली, हे आधी लिहा. परवानगी आणि मंजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली अध्यक्षांची, विषय बोलायला घेण्यापुरती. दुसरी सभेची. मग ठरावाचे शब्द, सूचक, अनुमोदक, त्या क्षणी हजर असलेल्यांची संख्या (सुरुवातीची नव्हे), बाजूने किती, विरुद्ध किती, तटस्थ किती. आणि ‘सर्वानुमते’ हा शब्द हात मोजल्याशिवाय लिहू नका. ‘कोणी काही बोलले नाही’ याला मराठीत सर्वानुमते म्हणत नाहीत.

एक नमुना देतो, हवा तसा बदला :

‘आयत्या वेळचा विषय क्र. १ : १५ सप्टेंबर रोजी टाकीच्या स्लॅबचा तुकडा पडला. तो विषय सदनिका क्र. … चे सभासद … यांनी सभेत मांडला. सूचना ५ सप्टेंबरची असल्याने विषय यादीत नव्हता. अध्यक्षांनी चर्चेस परवानगी दिली. या वेळी २३ सभासद हजर. केलेल्या तात्पुरत्या उपायांची माहिती समितीने दिली. खर्चाचा निर्णय घेण्यात आला नाही. २७ सप्टेंबर रोजी विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्याचे ठरले. सूचक : …, अनुमोदक : …. बाजूने २१, विरुद्ध ०, तटस्थ २.’

चार ओळी जास्त लिहाव्या लागतात, एवढाच त्रास.

सूचनेतली ओळही सुधारून घ्या. आम्ही सुचवतो ती अशी : ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. ही सूचना निघाल्यानंतर उद्भवलेले विषयच घेतले जातील. रीतसर पूर्वसूचना लागणारे तसेच सभासदांवर नवी वर्गणी बसवणारे विषय निर्णयासाठी घेतले जाणार नाहीत.’ आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फलकावर एक चिठ्ठी लावा : ‘वार्षिक सभेत मांडायचे विषय २५ ऑगस्टपर्यंत लेखी द्यावेत.’ यादीतच जागा मिळते म्हटल्यावर लोक शेवटच्या ओळीत घुसत नाहीत. ज्यांना तरीही घुसायचे असते ते कोण, हेही आपोआप कळते.

टायपिस्टसाठी शेवटचे. ‘आयत्या वेळी’ हे दोन शब्द आहेत, कारण आयता हे विशेषण विकारी आहे आणि इथे त्याचे सामान्यरूप झाले आहे. ‘ऐनवेळी’ एकच शब्द, कारण ऐन बदलत नाही, तो वेळेला चिकटतो. सूचनांवर ‘ऐत्या वेळी’ असेही दिसते, तिथे ‘आयत्या वेळी’च लिहा. ‘वेळचे’ की ‘वेळेचे’ यावर भांडू नका, दोन्ही चालते. यंदाच्या सूचनेची प्रत झेरॉक्सला देण्यापूर्वी तेवढी शेवटची ओळ एकदा मोठ्याने वाचा.

कळावे,
आपले,
सभांची इतिवृत्ते आणि शब्दांचे कोश दोन्ही चाळणारे काही सभासद